मनश्शे नाव ठेवलं, तरी रडू आलंच

पोरी, रविवारी उपासनेनंतर तू म्हणालीस, "प्रार्थना करते, तरी जुनं आठवतंच." आठवणारच गं. बायबलातल्या उत्पत्ती 41 मध्ये, भावांनीच विकलेल्या योसेफाने आपल्या थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, देवाने कष्टांचा विसर पाडला म्हणून. आणि पुढच्याच अध्यायात त्याच भावांचं बोलणं ऐकून बाजूला जाऊन रडला! तेव्हा 'माफ कर नि विसर' म्हणणाऱ्यांचं (आपल्या मंडळीतही आहेत) मनावर घेऊ नकोस. माफ करणं म्हणजे त्या घरी परत नांदायला जाणं नव्हे.

झोप उडाली की स्तोत्र 88 मोठ्याने वाच. ते अंधारातच संपतं. धुळ्याच्या उन्हाळ्यात, पत्रे तापलेले असताना, ओट्यावर बसून मी तेच वाचायचे. धडधड थांबेना तर डॉक्टरलाही दाखव. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता.