लाँच मॉनिटरवर सराव करून साध्या गोल्फरचा खेळ खरंच सुधारतो का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं खेळताय, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) 18 च्या आसपास अडकलाय, सरावाच्या रेंजवर आता लाँच मॉनिटर (फटक्याचा वेग, दिशा, अंतर मोजणारं यंत्र) आलाय आणि प्रत्येक फटक्यामागे स्क्रीनवर येणारे वीस आकडे बघून डोकं गरगरतं. याने खेळ सुधारतो, की हे नुसतं महागडं खेळणं आहे?

सुधारतो, पण माझ्या बाबतीत भलत्याच जागी सुधारला. स्विंग सरळ होईल या आशेने मी आकड्यांच्या मागे लागलो होतो. स्विंग बराचसा तसाच राहिला. बदललं ते हे, की सराव कशाचा करायचा.

माझं पटिंग (ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, चेंडू भोकात ढकलणं) कच्चं आहे, अशी माझी कित्येक वर्षं ठाम समजूत होती. एखाद्या ग्रीनवर तीन पट, म्हणजे असे तीन फटके, लागले की ते रात्री झोपेपर्यंत आठवतात, त्यामुळे असेल. मग क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) ग्रिपच्या टोकाला बसवायचे सेन्सर घेतले. फटका कुठून मारला, चेंडू कुठे थांबला, याची नोंद फोनमध्ये होत राहते. पंधरा-सोळा राउंडनंतर बघितलं, तर पटिंग माझ्या हँडिकॅपला शोभेल असंच होतं. खरी गळती 140 ते 170 यार्डांवरून होती. तिथून चेंडू डावी-उजवीकडे फारसा भरकटत नव्हता, आखूड पडत होता. माझं 7 आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) 150 यार्ड जातं असं मी धरून चाललो होतो. जातं की! पाठीवर वारा असला आणि चेंडू फेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मधोमध बसला की जातं. सरासरी कॅरी (चेंडू हवेतून जातो तेवढं अंतर) निघाली 138. स्विंगला हात न लावता मी एक क्लब मोठा, म्हणजे जास्त लांब मारणारा, घ्यायला लागलो आणि ग्रीन मिळायला लागली. इतक्या वर्षांच्या पटिंगच्या सरावाचं काय करायचं, ते मात्र कुठलंही ॲप सांगत नाही.

फटके नेमके कुठे गमावतो याचा हा हिशेब मुळात कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांचा. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) लेझरने प्रत्येक फटक्याची नोंद होत होती, तिच्यातून त्यांनी ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही पद्धत उभी केली आणि 2011 मध्ये टूरने ती आधी पटिंगसाठी स्वीकारली. कल्पना साधी आहे. 8 फुटांवरून टूरवरचे खेळाडू साधारण निम्मे पट घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. तुम्ही एका फटक्यात घातलात तर अर्धा कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. असं प्रत्येक अंतराचं करत गेलं की ‘आज 34 पट लागले’ हे वाक्य किती फोल आहे ते कळतं, कारण ते पट किती लांबून होते हे त्यात कुठेच नसतं. ब्रॉडींच्या आकडेमोडीत अव्वल खेळाडूंची आघाडी जवळपास दोन-तृतीयांश 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांतून आलेली निघाली. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) दाखवायला आणि पटर कमवायला, असं क्लबहाउसमध्ये अजूनही ऐकू येतं, ते ऐकून सोडून द्या.

आता लाँच मॉनिटरकडे. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी डॉपलर रडारवर (परतणाऱ्या लहरींवरून वेग मोजणाऱ्या रडारवर) चालणारी यंत्रं गोल्फमध्ये आली, तेव्हा एका जुन्या शिकवणीची उलथापालथ झाली. चेंडू स्विंगच्या रेषेत निघतो आणि फेस जिकडे असेल तिकडे वळतो, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जायचं. मोजल्यावर उलटंच दिसलं. चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने, आणि वळतो तो फेस आणि स्विंगची रेषा यांच्यातल्या फरकामुळे. स्लाइस होते (चेंडू उजवीकडे वळतो) म्हणून आणखी डावीकडे स्विंग करणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाची स्लाइस वाढते ती यामुळेच. मी हे कित्येक महिने केलंय.

म्हणून वीस आकड्यांपैकी तीन-चारच बघा: आयर्नला कॅरी, फेसची दिशा, स्विंगची दिशा, आणि ड्रायव्हरला स्मॅश फॅक्टर. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर, ड्रायव्हरसाठी त्याची वरची हद्द 1.5 च्या आसपास. समजा तुमचा क्लब ताशी 90 मैलांनी फिरतो. 1.35 ला चेंडू सुमारे 121 मैलांनी सुटतो, 1.45 ला सुमारे 130 मैलांनी. तेवढ्यात पंधरा-वीस यार्ड निघतात, तेही जास्त जोर न लावता. फेसवर पायाची पावडर फवारा आणि चेंडूचा ठसा कुठे उमटतो ते बघा. यंत्र नसलं तरी हे जमतं.

दोन ठिकाणी यंत्र फसवतं. रेंजचे चेंडू झिजलेले किंवा मुद्दाम कमी लांब जाणारे असतात, त्यामुळे आकडा कुठल्या चेंडूचा ते विचारून घ्या. दुसरं म्हणजे मॅट. क्लब चेंडूच्या इंचभर मागे टेकला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसतं. तोच फटका गवतावर मातीत रुततो.

आणि दर फटक्यानंतर मान वर करून स्क्रीनकडे बघू नका. मोटर लर्निंगवाल्यांना (शरीर हालचाली कशा शिकतं याचा अभ्यास करणाऱ्यांना) हे फार आधीपासून माहीत आहे: सतत निकाल कळत राहिला की सराव छान होतो, पण तो निकाल काढून घेतल्यावर कामगिरी घसरते. मी स्क्रीन पलीकडे वळवतो. फटका मारल्यावर आधी मनाशी म्हणतो, ‘फेस उघडा (उजवीकडे वळलेला), क्लबच्या टाचेकडे लागला’, आणि मगच बघतो. सुरुवातीला दहातले सहा अंदाज चुकायचे. अंदाज बरोबर यायला लागले, तेव्हा कोर्सवर काय चुकलं हे यंत्राशिवाय कळायला लागलं.

सुरुवात करायची तर 7 आयर्नने 20 चेंडू मारा आणि ते कुठे पडले याचा अंडाकृती डाग बघा. कोर्सवर झेंडा विसरून तो अख्खा डाग सुरक्षित जागी बसेल असा नेम धरा. मात्र वाईट फटके पुसू नका. बहुतेक यंत्रांवर फटका डिलीट करायची सोय असते, आणि डावीकडे झुडपात गेलेल्या प्रत्येक चेंडूनंतर माझं बोट अजूनही तिकडे जातं.