सत्र चालू असताना रजा: शिक्षक वाचकांचे प्रश्न

शाळेच्या वेळापत्रकात फटी कमी असतात आणि घरची कामं सुट्टीची वाट पाहत नाहीत. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं याच ओढाताणीची आहेत. नियमांचे संदर्भ महाराष्ट्रातल्या शाळांचे आहेत.

घरात लग्न आहे. गुरुवार ते मंगळवार जायचंय. किरकोळ रजेत बसेल ना? की सोबत दुसरी रजा जोडू?
(माध्यमिक शिक्षक, पालघर)

बसेल. वर्षाला बारा किरकोळ रजा असतात. मधला रविवार त्यात मोजला जात नाही, त्यामुळे सहा दिवसांच्या गैरहजेरीत तुमच्या पाचच रजा खर्ची पडतील. शनिवारची शाळा सकाळची, अर्ध्या दिवसाची असली तरी त्या दिवसाची रजा मात्र पूर्ण.

दुसरी रजा जोडण्याच्या फंदात पडू नका, कारण किरकोळ रजा दुसऱ्या कोणत्याच रजेला जोडता येत नाही. घोळ होतो तो परतीच्या वेळी. समजा, लग्नातल्या धावपळीनं ताप आला आणि तुम्ही बुधवारपासून शनिवारपर्यंत आणखी चार दिवस घरी राहिलात. पहिले पाच दिवस किरकोळ आणि पुढचे चार वैद्यकीय, असा अर्ज कार्यालयातून परत येणार. अशा वेळी गुरुवारपासूनची सगळी गैरहजेरी नियमित रजेत घालावी लागते आणि मग मधला रविवारही मोजला जातो. लग्नाचे सहा दिवस अर्धपगारी, आजारपणाचे चार दिवस वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित, म्हणजे पूर्ण पगाराची रजा, असा अर्ज करा. परिवर्तित रजेचा एक दिवस अर्धपगारीच्या दोन दिवसांना पडतो. म्हणजे खात्यातून सहा अधिक आठ, एकूण चौदा दिवस जातील आणि लग्नाच्या सहा दिवसांचा पगार निम्मा मिळेल. डॉक्टरांकडून गुरुवारपासूनच आजारी असल्याचा दाखला आणण्याची युक्ती अनेकांना सुचते. लग्नाचे फोटो शाळेच्या ग्रुपवर आधीच पोचलेले असतात, एवढं ध्यानात ठेवा.

दहा तुकड्यांची शाळा, चौदा शिक्षक. एकाच आठवड्यात तिघांचे अर्ज आलेत. नाही म्हटलं की तोंडं फुगतात. किती जणांना सोडावं याचा काही हिशोब आहे का?
(मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

आहे, आणि तो एकदा कागदावर मांडून शिक्षक-खोलीत लावला की निम्मी तोंडं फुगायची थांबतात.

दहा तुकड्या, दिवसाला आठ तासिका: रोज ऐंशी तासिका कुणीतरी घ्यायच्याच आहेत. चौदा शिक्षकांकडे मिळून रोज ११२ जागा, म्हणजे ३२ ऑफ (मोकळ्या तासिका). एक जण गैरहजर असेल तर ऑफ उरतात २४, दोघं असतील तर १६. इथवर शाळा चालते. तिसरा गेला की अकरा जणांकडे ८८ जागा आणि ऑफ फक्त आठ, म्हणजे माणशी एकसुद्धा नाही. त्यात एखाद्याला चक्कर आली, एखाद्याला पंचायत समितीतून बोलावणं आलं, की दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात किंवा मुलं मैदानावर जातात. तुमच्या शाळेची मर्यादा म्हणून दोन. ठरवून घेतलेल्या रजा एका दिवशी दोघांच्याच, आणि तिसरी जागा अचानक येणाऱ्या अडचणीसाठी मोकळी.

वह्या तपासणं, टाचण काढणं, पालकांना भेटणं ही कामं ऑफ तासिकेतच होतात, हे विसरू नका. बदली तासिकांची वेगळी वही ठेवा. एका शिक्षकाला दिवसात एकाहून जास्त बदली तासिका देऊ नका आणि आठवड्यात तीनच्या वर जाऊ नका. सगळ्यात रिकामा दिसतो तो चित्रकलेचा किंवा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, म्हणून दर वेळी त्यालाच पाठवलं जातं. हा अन्याय वहीत आकड्यानं दिसतो, बोलण्यात दिसत नाही.

अर्जाचा नमुनाही बदला. ‘घरगुती कारणास्तव’ या एका ओळीऐवजी रजेच्या दिवसांतल्या तासिका आणि त्यांची सोय लिहून मागा. एका तासिकेचं काम असं दिसलं पाहिजे:

‘सहावी ब, गणित, ३री तासिका. अपूर्णांकांची बेरीज झाली आहे, वजाबाकी सुरू करू नये. फळ्यावर पाच उदाहरणं, छेद समान असलेली तीन आणि वेगळे असलेली दोन. वीस मिनिटांनी शेजाऱ्यांनी वह्या अदलाबदल करून तपासाव्यात. शेवटच्या बाकावरच्या दोघांना पुढे बसवावं. कपाटाची किल्ली शिपाई मामांकडे.’

हे लिहायला शिक्षकाला दहा मिनिटं लागतात. बदलीवर जाणाऱ्याला ‘शांत बसा, वाचन करा’ असं म्हणत पस्तीस मिनिटं काढावी लागत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे: असा कागद जोडलेल्या अर्जाला आधी मंजुरी द्या, मग तो ज्येष्ठांचा असो वा काल रुजू झालेल्याचा. चाचणीचे आठवडे, गॅदरिंग आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षा यांना जूनमध्येच कॅलेंडरवर लाल चौकट घाला. ऐन वेळी नकार मिळाला की माणूस दुखावतो. जूनपासून भिंतीवर असलेल्या चौकटीवर कुणी रुसत नाही.

आमची शाळा द्विशिक्षकी. एक जण रजेवर गेला की दुसऱ्यानं काय करायचं?
(प्राथमिक शिक्षक, नंदुरबार)

पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी असे दोन गट एकाच खोलीत बसवा. एका गटाला शिकवत असताना दुसऱ्याच्या हातात लेखी काम हवं, आणि ते रजेवर जाणाऱ्यानं आदल्या दिवशी काढून ठेवायचं. खरा धोका असतो एक जण प्रशिक्षणाला आणि दुसरा रजेवर जाण्याचा. प्रशिक्षणाचा आदेश आला की त्याच दिवशी दोघांनी तारखा ताडून पाहाव्यात आणि आदळत असतील तर केंद्रप्रमुखांना लेखी कळवून शेजारच्या शाळेतून माणूस मागावा. तोंडी सांगितलेलं शाळा बंद दिसल्यावर कुणालाच आठवत नाही.

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया आहे, डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. नऊ वर्षं सेवा झाली, आजवर वैद्यकीय रजा घेतलेली नाही. पगार कापला जाईल का?
(शिक्षक, अनुदानित शाळा, नांदेड)

कापला जायचं कारण नाही. पूर्ण केलेल्या सेवेच्या दर वर्षाला वीस दिवस अर्धपगारी रजा जमा होते. नऊ वर्षांच्या १८० व्हायला हव्यात. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस परिवर्तित रजा घेतलीत तर ८४ वजा होऊन ९६ शिल्लक राहतील आणि पगार पूर्ण मिळेल.

पण अर्ज टाकण्याआधी सेवापुस्तकातलं रजेचं पान उघडून बघा. रजा जमा केल्याच्या नोंदी वर्षानुवर्षं राहून गेलेल्या असतात. कागदावर शिल्लक शून्य दिसते आणि बिल करताना रजा विनावेतन धरली जाते. मग फरकाचं बिल मागण्यात महिने जातात.

तारीख तुमच्या हातात असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर शस्त्रक्रिया दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुट्टीच्या पहिल्या दिवसांत ठेवा. रजा शाळा उघडल्यापासून सुरू होईल आणि खात्यातले दिवस वाचतील. सुट्टीला जोडून रजा घेणार असल्याचं मात्र सुट्टी लागण्याआधीच लेखी मंजूर करून घ्या. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मस्टरवर सही हवी.

परतताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो नसला तर हजर करून घेत नाहीत. आजारपणाच्या आणि तंदुरुस्तीच्या दाखल्यांवरच्या तारखांत एक दिवसाची फट राहिली तरी तो दिवस लोंबकळतो, तेव्हा दवाखान्यातून निघण्याआधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

माझी प्रसूतीची तारीख मेमध्ये आहे. उन्हाळी सुट्टी प्रसूती रजेत वाया जाणार का?
(शिक्षिका, अनुदानित शाळा, पुणे)

रजा सुट्टीत सुरू झाली तर हो. १८० दिवस सलग मोजतात. रविवार, सण, सुट्टी सगळं त्यात येतं आणि मागाहून भरून मिळत नाही. १ मेपासून रजा धरली तर १८०वा दिवस २७ ऑक्टोबरला येतो. प्रसूती सुट्टीत झाली तरी रजा शाळा उघडल्यावरच सुरू होईल, असं मनानंच धरून बसू नका. डॉक्टरांचा दाखला आणि सुरुवातीची तारीख घालून एप्रिलमध्येच अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. ही रजा तुमच्या रजा खात्यातून वजा होत नाही. तिला जोडून शिल्लक रजा मागता येते.

मुलाला पाळणाघरात सोडून येताना रोज पंचवीस मिनिटं उशीर होतो. मुख्याध्यापक चांगले आहेत, म्हणतात, ‘मस्टरवर वेळेची सही करत जा, मी बघतो.’ करू का?
(शिक्षिका, ठाणे)

करू नका. आजचे मुख्याध्यापक उद्या निवृत्त होतील, आणि ती सही तुमची असेल. त्यांचा चांगुलपणा दुसऱ्या, वैध मार्गानं वापरा.

शिक्षकाच्या कामाचे तास मुख्याध्यापक कमी करू शकत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात तयारीचा वेळ धरून आठवड्याला किमान पंचेचाळीस तास सांगितले आहेत. पण त्या तासांत कोणती तासिका कुणाची, हे त्यांच्याच हातात असतं. तेव्हा दोन गोष्टी मागा. एक, वर्गशिक्षकपद सोडा. परिपाठ आणि हजेरी वर्गशिक्षकाकडे असते, आणि उशीर सगळ्यांत जास्त तिथेच बोचतो. त्या बदल्यात ग्रंथालय, परीक्षा विभाग किंवा पोषण आहाराच्या नोंदी यांपैकी कटकटीचं एखादं काम अंगावर घ्या, म्हणजे सहकाऱ्यांची कुरकुर राहणार नाही. दोन, पहिली तासिका ऑफ घ्या आणि तेवढा वेळ शाळा सुटल्यावर थांबत असल्याची नोंद हालचाल नोंदवहीत रोज करा. हे सगळं मुख्याध्यापकांच्या सहीच्या कागदावर, एका सत्रापुरतं असावं.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ ला निघाला. त्यानंतर अनेक दोन-पाळी शाळांत पाळ्यांची फिरवाफिरव झाली. तुमच्या संस्थेत दुसरी पाळी असेल तर पाळीबदलाचा अर्जही करून पाहा. अनेकदा समोरच्या पाळीत नेमकी उलटी अडचण असलेलं कुणीतरी असतं.

मूल आजारी पडणं, दहावीचं वर्ष अशा सलग गरजेसाठी बालसंगोपन रजा आहे. पूर्ण सेवेत १८० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी, वर्षातून जास्तीत जास्त तीन वेळा. रोजच्या पंचवीस मिनिटांसाठी तिचा उपयोग नाही.

उन्हाळी सुट्टीतले बारा दिवस निवडणुकीच्या कामात गेले. त्यांची भरपाई?
(जिल्हा परिषद शिक्षक, धाराशिव)

अर्जित रजेच्या रूपानं. सूत्र असं: तीस गुणिले न उपभोगलेले दिवस, भागिले वर्षातले सुट्टीचे एकूण दिवस. एकूण सुट्टी साठ दिवस धरली तर ३० × १२ ÷ ६० = ६ दिवस. बाराला बारा मिळत नाहीत, हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. आदेशाची प्रत आणि कार्यमुक्तीचा दाखला जोडून सेवापुस्तकात त्याच वर्षी नोंद करून घ्या. आदेश नसताना, ‘सरांनी बोलावलं म्हणून’ गेलेले दिवस यात धरले जात नाहीत. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. आदेश हातात आला की आधी काम कोणतं ते वाचा.

विनाअनुदानित शाळा. शनिवार-सोमवार किरकोळ रजा घेतली तर रविवारचाही पगार कापतात. रुजू होतानाच कोऱ्या राजीनाम्यावर सही घेतली आहे. आम्हाला कोणता कायदा लागू?
(शिक्षिका, नागपूर)

१९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. शाळेला अनुदान असो वा नसो, मान्यता असली की हा कायदा लागू होतो. किरकोळ रजेतला रविवार रजेत मोजायचा नसतो. ‘आमच्या संस्थेचा नियम’ या कायद्याच्या वर जात नाही.

राजीनाम्याची रीत कलम ७ मध्ये दिली आहे. पत्र दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाकडे आणि दुसरी स्वतःजवळ. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची पूर्वसूचना, इतरांना एक महिन्याची. पोस्टाची पावतीच नसलेला कोरा कागद या रीतीत बसत नाही. तो पुढे करून कमी केलंच, तर कलम ९ खाली तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करा. बोलणी करण्यात हे तीस दिवस कधी निघून जातात ते कळत नाही, म्हणून वकिलाकडे पहिल्या आठवड्यातच जा. रजा नाकारली किंवा पगार कापला एवढ्यावर मात्र हे अपील होत नाही. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. सोबत रजेच्या अर्जाची पोच आणि त्या महिन्याची पगाराची स्लिप जोडा.

अचानक रजा घ्यावी लागली तर व्हॉट्सॲपवर कळवलेलं चालतं का?
(शिक्षक, कोल्हापूर)

कळवायला चालतं, मंजुरीला नाही. निरोप ग्रुपवर न टाकता थेट मुख्याध्यापकांना पाठवा, परिपाठाच्या आधी, आणि त्यात पहिल्या दोन तासिकांचं काम लिहा. शाळेत परतल्यावर मस्टरवर सही करण्याआधी कागदी अर्ज द्या. त्या रकान्यात लाल शाईची रेघ पडली असेल तर ती दुरुस्त करून मुख्याध्यापकांची सही त्याच दिवशी घ्या.