जीभ बाटलीतली आणि तोंडातली

सप्रेम आशीर्वाद.

माकड आणि वानर यांच्या जिभांच्या तुलनेचा तुझा आराखडा मी दोनदा वाचला. विषय मोलाचा आहे. काळ्या तोंडाचा वानर मुख्यतः पानांवर जगतो, त्याला गालपिशव्या नसतात आणि पाला आंबवण्यासाठी त्याचे जठर कप्प्यांचे झालेले असते. लाल तोंडाचे माकड मात्र हाती लागेल ते गालांत कोंबते आणि मग सुरक्षित जागी बसून चघळते. एवढ्या निराळ्या आहारामुळे जिभाही निराळ्या असाव्यात, असे वाटणे साहजिक आहे. पण ही अजून शंकाच आहे, आणि तू ती निष्कर्ष म्हणून लिहून टाकली आहेस.

सुरुवात जिभेच्या मागच्या भागापासून कर. तिथे खंदकाने वेढलेले गोल उंचवटे, म्हणजे सर्कमव्हॅलेट पॅपिला, दिसतील. माणसाच्या जिभेवर ते साधारण 7 ते 12 असतात, माकडाच्या जिभेवर बरेच कमी. मी विद्यार्थी असताना बाटलीत जतन केलेल्या जिभेचा एक नमुना नीट न धुताच मोजला होता. चिकट थराने खंदक बुजलेला होता आणि एक उंचवटा माझ्या वहीत आलाच नाही. म्हणून आधी मऊ कुंचल्याने थर काढ, तिरपा प्रकाश टाक आणि भिंगाखाली मोज. रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे गुच्छ, खंदकाच्या भिंतीत दडलेल्या असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकासाठी घ्यायचा छेद खंदकाच्या मधोमध, पृष्ठभागाला काटकोनात गेला पाहिजे. एकाच जातीत ही संख्या बदलते, तेव्हा एका नमुन्यावरून साऱ्या जातीबद्दल बोलू नये.

चौथ्या प्रकरणातले ‘माकडाची जीभ बोलण्यास असमर्थ आहे’ हे वाक्य मात्र काढून टाक. माणसाच्या जिभेचा मागचा भाग घशात उतरून त्याची पुढची भिंत होतो आणि स्वरयंत्रही खाली असते. माकडाची जीभ चपटी, लांबट आणि जवळजवळ सगळी तोंडातच असते, हे खरे. याच फरकावर भर देऊन संशोधक फिलिप लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये ऱ्हीसस माकडाला मोजकेच स्वर काढता येतील, असे मांडले. पुढे 2016 मध्ये टेकमसे फिच, आसिफ गझनफर आणि सहकाऱ्यांनी जिवंत माकडाचे क्ष-किरण चित्रण केले, आणि खाताना, ओठ चाळवताना, ओरडताना त्याच्या तोंडाचे आकार इतके बदलतात की अनेक स्पष्ट स्वर काढणे शक्य ठरावे, असे त्यांना आढळले. अडचण मेंदूच्या नियंत्रणात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवण्याच्या द्रावणात, ताठरलेली जीभ हे कधीच सांगू शकली नसती. स्नायू कुठून निघतो आणि कुठे जातो, हे ती अचूक दाखवते. तो किती ताणतो, हे दाखवत नाही.

म्हणून नमुन्यांच्या जोडीला चार सकाळी जिवंत माकडांपाशी बस. गालपिशवी भरलेले माकड हाताची पाठ गालावर दाबून घास पुढे ढकलते, हे तुला दिसेल. मग जिभेच्या खात्यावर किती काम लिहायचे, ते ठरव.

पुढचा नमुना उघडशील तेव्हा तो बाटलीत किती दिवस होता, हे मापांच्या आधी लिही, आणि पहिले छायाचित्र नमुना धुण्यापूर्वीच घे.