लाईट गेली की सोलरही बंद!

प्रश्न: गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर आहे, पण लाईट गेली की भर उन्हात तेही बंद पडतं. बॅटरी आणून जोडू का? – एक वाचक, दहिसर

उत्तर: बिघडलेलं काही नाही हो, ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलरची वीज थेट कंपनीच्या लाईनीला (ग्रिडला) जोडणारा डबा, लाईट गेली की मुद्दामच बंद होतो, नाहीतर तुमची वीज उलटी लाईनीत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. नुसती बॅटरी जोडून भागत नाही, बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर बघा, तो सोलर, लाईन आणि बॅटरी तिन्ही सांभाळतो.

आता हिशोब. ३ पंखे, ४ एलईडी, वायफाय मिळून ३०० वॉट धरा, ४ तासांचे १.२ युनिट झाले. १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-अवर)च्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १.८ युनिट, पण ती अर्ध्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते म्हणजे हाती ०.९च, मग दोन घ्या आणि वर डिस्टिल्ड वॉटरची कटकट. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग आहे पण ८०-९० टक्के वापरता येते, पाणीबिणी नाही, मी असतो तर तीच घेतली असती. एसी मात्र त्यावर टाकू नका. पावसाळ्यात ग्रिडवरून चार्जिंगची सेटिंग चालू ठेवा. आणि खरं सांगू, लाईट महिन्यातून एखाद्या वेळीच जात असेल तर एवढा खर्च कशाला, लाईटवर चार्ज होणारा साधा घरगुती इन्व्हर्टर-बॅटरी पुरे.