सराव पाठाची तयारी: टाचणात आधी मुलांचं काम लिहा

प्रश्न: मी शिक्षक-प्रशिक्षण घेते आहे. पुढच्या महिन्यात नववीच्या वर्गावर इंग्रजीचे सराव पाठ सुरू होतील. टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, लिहून होतं, पण ते तासात बसेल का, ते कळत नाही. बोलताना माझं इंग्रजी अडखळतं, मुलं हसतील अशी धास्ती वाटते. शिवाय तिथल्या शिक्षिकांची पद्धत आम्हाला शिकवलेल्या पद्धतीपेक्षा वेगळी आहे. तयारी कुठून करू?

उत्तर: टाचणापासून करा, कारण बाकीच्या दोन्ही काळज्या त्यामुळे हलक्या होतात.

नवख्या शिक्षकाचं टाचण बहुतेक वेळा स्वतःच्या बोलण्याची यादी असते: लेखकाची ओळख, प्रकट वाचन, शब्दार्थ, प्रश्न. त्या वेळात मुलं काय करतात हे त्यात नसतं, म्हणून वेळेचा अंदाज चुकतो. पानावर तीन रकाने आखा: मिनिटं, मुलांचं काम, तुमची सूचना. मधला रकाना आधी भरा.

४० मिनिटांच्या तासात वर्ग स्थिरावणं, फळा पुसणं, वह्या निघणं यात पाचेक मिनिटं जातात आणि शेवटी पाच हाताशी ठेवावीत. उरली ३०. समजा, २५० शब्दांचा उतारा आहे. संपूर्ण उतारा वाचल्यावरच उत्तर मिळेल असा एक प्रश्न फळ्यावर लिहा, २ मिनिटं. अडणारे शब्द, ६. मूकवाचन, ४. शेजाऱ्याशी उत्तर ताडून पाहणं, ३. पुन्हा वाचून बारकाव्याच्या चार प्रश्नांची लेखी उत्तरं, ९. चर्चा, ६. वेळ कमी पडला तर यातलं काय गाळायचं हे घरीच ठरवा. वर्गात घाईने ठरवलं की नेमकी चर्चा कापली जाते.

सगळ्यात जास्त वेळ शब्दार्थ खातात. इंग्रजी गोष्ट आधाराशिवाय नीट समजायला बहुतेकांना दर १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे लागतात, असं हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे २५० शब्दांत अनोळखी फक्त ५! तुमच्या उताऱ्यात २० निघाले तर सगळे शिकवत बसू नका. ज्यांच्यावाचून अर्थच लागत नाही असे पाच-सहा शिकवा, बाकीचे अर्थासह फळ्याच्या कडेला लिहून ठेवा.

आता बोलण्याचं. एका तासात तुम्हाला साधारण दहा-बारा सूचना द्याव्या लागतात. त्या टाचणात शब्दशः, छोट्या वाक्यांत लिहा आणि उभं राहून मोठ्याने म्हणा. पाठातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचा उच्चार शब्दकोशात पाहून आघातावर, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या भागावर, खूण करा. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या उच्चारखंडावर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, अशा जागा ऐन वेळी फसवतात. मुलांनी विचारलेला शब्द येत नसेल तर अंदाजाने अर्थ सांगू नका. त्यांनाच शब्दकोश उघडायला लावा, त्यात काही कमीपणा नाही.

सूचना आधी, एक नमुना सोडवून दाखवणं मग, आणि कागद सगळ्यांत शेवटी. कागद हातात पडला की कुणी ऐकत नाही, मग तीच सूचना चारदा द्यावी लागते आणि गोंगाट सुरू होतो. नवख्यांच्या वर्गातला बराचसा गोंगाट असाच दोन कामांच्या सांध्यावर होतो. त्याला बेशिस्त समजून रागावू नका. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी ‘किती ओळी लिहायच्या? एकट्याने की जोडीने?’ असं विचारा.

प्रश्न विचारून झाला की थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं, तर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत होते; ते ३ सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत तर वाक्य मनात जुळवायलाच वेळ लागतो. नाव प्रश्नानंतर घ्या. आधी घेतलंत तर बाकीचे विचार करणं सोडून देतात.

वह्यांचा हिशेबही आधीच करा. ४५ वह्या, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे पावणेचार तास. रोज हे जमणार नाही. ‘या वेळी फक्त भूतकाळाची रूपं तपासणार’ असं वर्गाला सांगून तेवढंच तपासा आणि सामाईक चुका पुढच्या तासाला फळ्यावर घ्या.

राहिल्या शिक्षिका. वर्ग त्यांचा आहे, बैठक आणि शांत करण्याची खूण त्यांचीच ठेवा. निरीक्षणाला बसाल तेव्हा एका तासाला एकच गोष्ट टिपा: आज सूचना कशा देतात, उद्या कुणाकुणाला प्रश्न विचारतात. टाचण दोन दिवस आधी दाखवा. तुम्हाला शिकवलेली नवी पद्धत पूर्ण तासभर न वापरता आधी दहा मिनिटांच्या तुकड्यात करून बघा. पाठानंतर ‘कसा झाला?’ असं विचारलंत तर ‘छान’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘कोणत्या मिनिटाला मुलांचं लक्ष उडालं?’ असं विचारा आणि मिळालेलं उत्तर टाचणाच्या त्याच ओळीसमोर लिहून ठेवा.