व्हीएलसीत चालणारा व्हिडिओ एडिटरमध्ये का उघडत नाही?

तुम्ही म्हणताय, आयफोनवरून घेतलेला व्हिडिओ व्हीएलसी प्लेअरमध्ये झकास चालतो, पण एडिटरमध्ये टाकला की नुसता आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळोख. एक्स्टेन्शन .एमओव्हीचं .एमपी४ करूनही उपयोग झाला नाही. होणारही नव्हता, पण फाइल धडधाकट आहे, काळजी नको.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे. आत चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीने, भरलंय ते वेगळंच. नाव बदलणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं. तुमच्या एडिटरला आवाज कळतोय, चित्राचा कोडेक कळत नाहीये. व्हीएलसी आपले डिकोडर (कोडेक उलगडणारे भाग) सोबत घेऊन येतो, म्हणून त्याला सगळं चालतं. बरेच घरगुती एडिटर मात्र संगणकात जे आहे त्याच्यावर अवलंबून असतात.

माझा संशय एचईव्हीसीवर, म्हणजेच एच.२६५ वर. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन ७ आणि पुढचे फोन याच कोडेकमध्ये रेकॉर्डिंग करू शकतात. जागा कमी लागते हे खरं, पण बऱ्याच विंडोज संगणकांवर त्यासाठी वेगळं जोड-सॉफ्टवेअर टाकावं लागतं.

पण अंदाजावर जाऊ नका. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात फाइल उघडा आणि 'व्हिडिओ' विभागात दोनच ओळी बघा. 'फॉरमॅट'समोर एव्हीसी असेल तर तो जुना, जवळजवळ सगळीकडे चालणारा एच.२६४. एचईव्हीसी असेल तर चोर सापडला. दुसरी ओळ 'फ्रेम रेट मोड', म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) टिपली तो वेग कायम आहे की बदलता. तिथे 'व्हेरिएबल' (बदलता) दिसलं तर इम्पोर्ट झाल्यावरही त्रास होऊ शकतो.

हे मी स्वतः भोगलंय. चाळीस मिनिटांचं एक रेकॉर्डिंग होतं. सुरुवातीला ओठ आणि आवाज अगदी जुळलेले, शेवटी शेवटी माणूस बोलून गप्प झाल्यावर आवाज यायचा. अख्खी संध्याकाळ मी आवाजाचे तुकडे करून सरकवत बसलो. दोष फ्रेम रेटचा होता: उजेड कमी झाला की फोन मधूनच सेकंदाला कमी फ्रेम टिपतो, आणि काही एडिटर मात्र त्या समान अंतराने आल्यात असं धरून चालतात.

दोन्हींवर इलाज एकच, हँडब्रेक हे व्हिडिओ एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलणारं सॉफ्टवेअर. तेही मोफत. फाइल टाका, फॉरमॅट एमपी४ ठेवा, व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ निवडा, फ्रेम रेट ३० करा (६० ने शूट केलं असेल तर ६०) आणि शेजारचा 'कॉन्स्टंट' (कायम) पर्याय आठवणीने निवडा, कारण प्रीसेटमध्ये, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या सेटिंगमध्ये, तो बहुधा निवडलेला नसतो. मूळ व्हिडिओ फोर-केचा असेल तर १०८०पीचा प्रीसेट घेऊ नका, चित्र लहान होईल. 'आरएफ' हा दर्जा ठरवणारा आकडा २० च्या आसपास ठेवलं की डोळ्यांना फरक सहसा जाणवत नाही. आधी एखाद्या छोट्या क्लिपवर करून बघा. मूळ फाइल मात्र काम पुरं होईपर्यंत पुसू नका.

कधी एमकेव्हीत एच.२६४ सापडलं तर पुन्हा एन्कोड करण्याची गरज नसते. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने 'कॉपी' पर्याय वापरून नुसता डबा बदलता येतो, दर्जा तसूभरही कमी होत नाही. आणि हो, केबल लावून थेट फोनमधूनच फाइल एडिटरमध्ये ओढत असाल तर तसं करू नका, आधी ती संगणकावर कॉपी करून घ्या.

पुढच्या वेळेसाठी: फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. मग फोन एच.२६४ मध्येच शूट करेल. फक्त फोर-के ६० फ्रेमसारखं काही रेकॉर्डिंग त्या सेटिंगमध्ये मिळत नाही, तेवढं चालणार असेल तर.