लिंदा आणि शकुंतला

प्रश्न: आम्ही एस्टोनियात, टाल्लिनला राहतो. लेक तीन आठवड्यांची आहे. शेजारच्या आजींनी गोष्ट सांगितली तेव्हापासून आमच्या मनात 'लिंदा' हे नाव भरलंय. साताऱ्याहून सासूबाई म्हणतात, "साहेबाचं नाव आपल्या घरात कशाला?" पुढच्या महिन्यात त्या येतील तेव्हा बारसं आहे. काय करू?

उत्तर: सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना शकुंतलेची आठवण करून द्या. कण्वांना ती वनात सापडली तेव्हा शकुंत पक्षी तिला राखत होते, म्हणून ती शकुंतला. त्यांच्या पिढीत शकुंतला घरोघरी होत्या, शिवाय मैना आणि सारिकाही. लिंदा याच गोतावळ्यातली आहे.

एस्टोनियन भाषेत 'लिंद' म्हणजे पक्षी. इंग्रजीतली लिंडा जर्मन वळणाच्या नावांतून आली. तुमच्या शेजारणीची लिंदा मात्र 'कालेविपोएग' या एस्टोनियाच्या महाकाव्यातली. क्रॉयट्सवाल्ड नावाच्या डॉक्टरांनी लोककथा आणि लोकगीतांच्या आधारे ते रचलं आणि १८५७ ते १८६१ या काळात ते प्रसिद्ध झालं. त्यात एका विधवेला वाटेत रानपाखराचं अंडं सापडतं. ती ते घरी आणून उबेला ठेवते आणि त्यातून लिंदा जन्मते. पुढे चंद्र, सूर्य, वारा असे एकेक जण तिला मागणी घालायला येतात. ती सगळ्यांना नकार देते आणि कालेवला वरते. त्यांचा धाकटा मुलगा बाप गेल्यावर जन्मतो, आणि तोच या काव्याचा नायक कालेविपोएग. शकुंतला भरताची आई, तशी लिंदा कालेविपोएगची.

गोष्टीत दुःख आहे, ते सासूबाईंपासून लपवू नका. नवऱ्याच्या थडग्यावर लिंदाने दगड वाहून आणले, त्याचीच तुमच्या टाल्लिनमधली टूम्पेआ टेकडी झाली. तिच्या आसवांचं झालं उलेमिस्ते तळं, तुमच्या विमानतळाशेजारचं. "असं नाव कशाला?" असं त्या विचारतील. आपण सीता नाव ठेवतोच की, आणि सीतेच्या वाट्याला काय आलं हे कोणाला ठाऊक नाही?

टूम्पेआच्या उतारावर वाइत्सेनबेर्ग या शिल्पकाराचा लिंदाचा पुतळा आहे, १९२० मध्ये बसवलेला. सोव्हिएत राजवटीत, मार्च १९४९ मध्ये, अवघ्या काही दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसं एस्टोनियातून सायबेरियाकडे नेली गेली. त्यांची आठवण उघडपणे काढायची सोय नव्हती, तेव्हा लोक या पुतळ्यापाशी फुलं ठेवत. सासूबाई आल्या की बारशाच्या आधी त्यांना तिथे घेऊन जा. घरात बसून समजावण्यापेक्षा तिथे उभं राहून सांगितलेलं त्यांना जास्त पटेल असं मला वाटतं.

आणि बाळाच्या आत्याचा मान राखा. पाळण्यातलं नाव तिला निवडू द्या, कानातही तिलाच सांगू द्या. ते नाव कागदावर घालणार असाल तर एवढं पाहा: एस्टोनियन माणूस 'जे' हे अक्षर 'य' असं वाचतो, त्यामुळे जुईची युई होईल. मीरा नेहमीप्रमाणे इंग्रजीतले दोन 'ई' (ee) घालून लिहिलंत तर शाळेत तिला 'मेरा' म्हणतील. तिथे 'मी'मधल्यासारखा दीर्घ उच्चार हवा असेल तर दोन 'आय' (ii) लिहावे लागतात.